सोमवारी मेलेल्या पेशी, गुरुवारी जिवंत: दुधातलं प्रथिन, ओलेइक आम्ल आणि पेशीपटल यांचा एक प्रकरण अभ्यास

जानेवारी महिना होता. पुण्यात सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नव्हतं आणि घरोघरी गोठलेल्या खोबरेल तेलाच्या बाटल्या खिडकीतल्या उन्हात ठेवल्या जात होत्या. आमच्या विभागात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे प्रकल्प करत होती. गाईच्या दुधातलं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन घ्यायचं, त्याला ओलेइक आम्ल जोडायचं, तयार झालेलं कॉम्प्लेक्स फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं, एवढाच प्रकल्प. सोमवारी तिने कॉम्प्लेक्स टाकलं आणि तासाभरात पेशी मरू लागल्या. गुरुवारी त्याच नळीतलं कॉम्प्लेक्स, त्याच पेशींवर, तेवढ्याच मात्रेत टाकलं. काहीही झालं नाही. पेशी दुसऱ्या दिवशीही मजेत वाढत होत्या.

या दोन दिवसांत नेमकं काय बदललं, ते शोधायला आम्हाला जवळपास तीन आठवडे लागले. ते शोधताना, अशी प्रथिन-मेदाम्लाची कॉम्प्लेक्स पेशीपटलाशी काय करतात हे मला पुस्तकातून कळलं होतं त्यापेक्षा कितीतरी नीट कळलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

सोमवार

ए५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. आमच्याकडच्या पेशी गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या. निरोगी असताना या पेशी मायक्रोस्कोपखाली शहाबादी फरशीसारख्या दिसतात: चपट्या, एकमेकींना खेटून बसलेल्या, मधल्या फटी बारीक.

कॉम्प्लेक्स टाकल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. मग फटी रुंदावू लागल्या. पेशी आपल्या कडा आत ओढून घेत होत्या. अर्ध्या तासात त्यांच्या अंगावर फुगे आले. भात रटरटायला लागला की वर बुडबुडे येतात तसे, फक्त हे फुटून खाली बसत नव्हते, फुगतच चालले होते. तासाभराने तिने ट्रिपॅन ब्लू टाकलं. हा निळा रंग धड पेशीच्या आत शिरू शकत नाही. पटल फाटलं असेल तरच शिरतो. वेलमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या ताटलीतल्या छोट्या खळग्यात, नजर जाईल तिकडे निळे ठिपके होते. शेजारच्या, नुसतं प्रथिन टाकलेल्या वेलमध्ये फरशी जशीच्या तशी.

"मॅडम, लवकर या ना," असं ती दारातूनच म्हणाली होती. मी बघितलं, तिचं कौतुक केलं आणि वहीत सगळं लिहून ठेवायला सांगितलं. तिच्या आनंदाला आणखी एक कारण होतं. तिच्या चुलत्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला होता, उपचार चालू होते, आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आईच्या दुधाने कर्करोग मरतो' असा एक मजकूर फिरत होता. प्रकल्पाचा विषय तिने त्यामुळेच निवडला होता. हे तिने मला गुरुवारनंतर सांगितलं.

हे कॉम्प्लेक्स आलं कुठून

त्या मजकुरामागे एक खरी गोष्ट आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात कॅथरिना स्वानबोर्ग यांच्या गटात, न्यूमोनियाचे जिवाणू फुप्फुसाच्या पेशींना चिकटू नयेत यासाठी आईच्या दुधाचा काही उपयोग होतो का, ते तपासलं जात होतं. चिकटण्यासाठी पेशी वापरल्या होत्या ए५४९च. दुधाचा एक अंश टाकल्यावर जिवाणूंचं राहिलं बाजूला, पेशीच मरायला लागल्या. १९९५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मारणारा पदार्थ अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन आहे हे कळलं, पण शुद्ध अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन टाकलं तर पेशींना काहीच होत नव्हतं. दुसरा भागीदार म्हणजे ओलेइक आम्ल, हे २००० साली उलगडलं. मग नाव मिळालं: ह्युमन अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन मेड लीथल टू ट्यूमर सेल्स, आद्याक्षरांनी हॅम्लेट. गाईच्या दुधातल्या प्रथिनापासून केलं की तेच बॅम्लेट.

दोन्ही भागीदार अगदी घरगुती आहेत. दूध नासवून पनीर केलं की जी निवळी उरते, तिच्यात अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन असतं. स्तनातल्या पेशींत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तयार व्हायला ते लागतं. १२३ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, आत कॅल्शियमचा एक अणू घट्ट धरून बसलेलं. ओलेइक आम्ल तर आपल्या शेंगदाणा तेलातलं मुख्य मेदाम्ल. त्याची साखळी १८ कार्बनची, आणि मधोमध एक दुहेरी बंध; त्या बंधापाशी साखळीला वाक येतो. तेवढ्याच १८ कार्बनच्या, पण सरळ साखळीच्या स्टिअरिक आम्लाला वितळायला ६९ अंश सेल्सियस लागतात. वाकडं ओलेइक १३-१४ अंशांनाच वितळतं. काड्या सरळ असल्या की त्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या असल्या की बसत नाही. हा वाक लक्षात ठेवा, पुढे पटलात तोच महत्त्वाचा आहे.

आमची कृती अशी: प्रथिनातलं कॅल्शियम ईडीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाने काढून घ्यायचं. कॅल्शियम गेलं की प्रथिनाची घडी सैल पडते. आतला तेलकट भाग, जो एरवी पाण्यापासून लपलेला असतो, थोडा उघडा पडतो. मग ओलेइक आम्ल घालून कोमट तापमानाला ढवळायचं आणि न जोडलेलं तेल वेगळं करायचं. लुंडच्या मूळ पद्धतीत ओलेइक लावलेल्या स्तंभातून (बारीक कणांनी भरलेल्या उभ्या नळीतून) प्रथिन सोडतात, पण नुसतं गरम करून मिसळण्याची पद्धतही प्रसिद्ध झालेली आहे आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाला तीच परवडते.

गुरुवार, आणि माझी चुकीची दिशा

गुरुवारी पेशी मेल्या नाहीत म्हटल्यावर माझं पहिलं बोट थंडीकडे गेलं. नळी फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवलेली. त्या तापमानाला ओलेइकची बाटली साजूक तुपासारखी घट्ट होते हे रोज दिसत होतं. मला वाटलं, नळीतही तेल प्रथिनापासून सुटून गोठलं असणार. मी तिला सगळं कॉम्प्लेक्स टाकून नव्याने करायला लावलं. तिने ते केलं, आणि नवं कॉम्प्लेक्सही गुरुवारच्याच पद्धतीने टाकल्यावर काही झालं नाही. एक आठवडा असाच गेला. दुसऱ्या आठवड्यात पेशी फार वेळा वाढवलेल्या आहेत का, पिपेट बरोबर मोजतं का, इन्क्युबेटर रात्री वीज गेल्यावर बंद पडला होता का, हे सगळं तपासून झालं. विभागातल्या मामांनी इन्व्हर्टरची बॅटरीसुद्धा उघडून दाखवली. सगळं ठीक होतं.

माझी चूक ही, की मी कॉम्प्लेक्सवरच संशय धरून बसले. पेशी ज्या द्रवात, म्हणजे मीडियममध्ये, बसलेल्या असतात त्याच्याकडे बघितलंच नाही.

उत्तर वहीत होतं, म्हणजे खरं तर वहीतल्या गाळलेल्या शब्दात होतं. सोमवारच्या पानावर: 'पेशी दोनदा धुतल्या, सीरमविरहित मीडियम, कॉम्प्लेक्स टाकलं.' गुरुवारच्या पानावर: 'मीडियम बदललं, कॉम्प्लेक्स टाकलं.' त्या दिवशी तिचं लेक्चर होतं, म्हणून मीडियम बदलायला तिने एका ज्युनिअर मुलाला सांगितलं होतं. त्याने फ्रीजमधली समोरची बाटली उचलली. ती होती रोज पेशी वाढवायची, १० टक्के सीरम (वासराच्या रक्तातून पेशी आणि गुठळी काढल्यावर उरणारा द्रव) घातलेली. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच चूक केली नव्हती. मीडियम बदलायला सांगितलं, त्याने बदललं.

लुंडच्या आणि इतर गटांच्या कृतीत एक ओळ नेहमी असते: कॉम्प्लेक्स सीरमविरहित मीडियममध्ये टाकावं, आणि तासाभराने सीरम घालावं. मी ती ओळ वाचली होती. ती पेशींच्या सोयीसाठी असेल असं समजून पुढे गेले होते. ती ओळ म्हणजे अर्धं रहस्य होतं.

कागदावरचं गणित

आम्ही दोघी फळ्यासमोर उभ्या राहिलो. वासराच्या सीरमच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण २० ते २५ मिलिग्रॅम अल्ब्युमिन असतं. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातला मेदाम्लांचा हमाल. चरबीतून सुटलेली मेदाम्लं पाण्यात विरघळत नाहीत. अल्ब्युमिन ती पाठीवर घेऊन स्नायूंकडे, हृदयाकडे पोचवतं. एका अल्ब्युमिनवर मेदाम्लाच्या सात जागा असतात, त्यांतल्या दोन-तीन फार घट्ट धरणाऱ्या.

मीडियममध्ये सीरम १० टक्के, म्हणजे अल्ब्युमिन मिलिलिटरला सुमारे २ मिलिग्रॅम. त्याचं रेण्वीय वजन ६६ हजार. भागाकार केला तर ३० मायक्रोमोलर (ठरावीक द्रवात किती रेणू आहेत ते सांगणारं माप). गुणिले सात: साधारण २०० मायक्रोमोलर मेदाम्ल उचलण्याची जागा.

आता आमची मात्रा: २० मायक्रोमोलर कॉम्प्लेक्स. एका प्रथिनामागे आठ ओलेइक धरले, तर १६० मायक्रोमोलर ओलेइक.

म्हणजे आम्ही जेवढं ओलेइक आणलं होतं, ते सगळं उचलून न्यायला पुरेल एवढी हमालांची फौज वेलमध्ये आधीच उभी होती. अल्ब्युमिनच्या काही जागा सीरममधल्या मेदाम्लांनी आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे गणित इतकं चोख नाही. पण दिशा उघड होती. अल्ब्युमिनने कॉम्प्लेक्समधून ओलेइक ओढून घेतलं, मागे राहिलं नुसतं दुधाचं प्रथिन, आणि त्याने पेशींना काही होत नाही हे आम्ही सोमवारीच बघितलेलं.

मुलीचा चेहरा पडला होता. "मग मॅडम, मारतंय कोण? तेलच ना? म्हणजे हा साबणच झाला की."

प्रश्न रास्त होता. ओलेइक आम्लात कॉस्टिक टाकलं की सोडियम ओलिएट तयार होतं, आणि तो साबणच असतो. साबणाने कुठलीही पेशी फुटते. मग यात औषध कुठे आहे?

मेंढीचं रक्त

याचं उत्तर शोधायला आम्ही तांबड्या पेशी घेतल्या. मायक्रोबायोलॉजीवाले जिवाणू वाढवायचं ब्लड अगार करायला मेंढीचं रक्त आणतात; त्यातलं थोडं मागून घेतलं. तांबड्या पेशींचा फायदा असा की सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, तंतुकणिका नसतात, लयकारिका नसतात. बॅम्लेट लयकारिका फोडतं, केंद्रकात जाऊन हिस्टोनना (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांना) चिकटतं, तंतुकणिका बिघडवतं, असे अहवाल आहेत आणि ते आपापल्या जागी खरे असतील. पण तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली एक पिशवी. ती फुटली, तर दोष पिशवीच्या कापडालाच द्यावा लागतो.

रक्त सलाइनने तीनदा धुतलं, पातळ केलं, सहा नळ्या लावल्या. ३७ अंशांना तासभर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या.

नुसतं सलाइन: तळाशी लाल गुंडी, वर स्वच्छ पाणी. नुसतं प्रथिन: तसंच. कॉम्प्लेक्स: गुंडी जवळपास नाहीच, सगळी नळी कोकम सरबतासारखी, लाल आणि आरपार. कॉम्प्लेक्स अधिक अल्ब्युमिन: पुन्हा तळाशी गुंडी, वर पाणी. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे सगळ्या पेशी फुटल्याच पाहिजेत अशी नळी: कोकम सरबत. सहावी नळी नुसत्या ओलेइकची, कॉम्प्लेक्समध्ये होतं तेवढंच, अल्कोहोलच्या थेंबात विरघळवून टाकलेलं. ही नळी आम्ही चार वेळा केली आणि चारही वेळा वेगळं काहीतरी दिसलं. एकदा अर्ध्या पेशी फुटल्या, एकदा थोड्याच, एकदा वर तेलाचा तवंग दिसला आणि खाली बहुतेक पेशी शाबूत होत्या.

प्रथिनाचं काम काय, हे या सहाव्या नळीने सांगितलं. तेल पाण्यात टाकलं की ते स्वतःशीच गोळा होतं. कुठल्या पेशीला किती मिळेल याचा भरवसा नाही. प्रथिन त्याला लहान-लहान, एकसारख्या पुड्यांत बांधून पाण्यात तरंगत ठेवतं आणि प्रत्येक पटलापर्यंत पोचवतं. डेन्मार्कमधल्या आर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पुड्यांची रचना क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून काढली आहे: आत ओलेइकचा गाभा, बाहेर सैल पडलेल्या प्रथिनांचं कवच. त्यांनी यांना लिप्रोटाइड असं नावच दिलं, कारण अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनऐवजी दुसरी काही प्रथिनं घेतली तरी अशाच पुड्या बनतात. घोड्याच्या दुधातल्या लायसोझाइमपासूनही असं कॉम्प्लेक्स होतं. आपल्याकडे अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या गटाने २०१३ साली बॅम्लेटने तांबड्या पेशी फुटण्यात ओलेइकचाच मोठा वाटा असावा, असं मांडलं होतं. आमच्या नळ्या त्या निष्कर्षाच्या बाजूने पडल्या.

कापडाचं नेमकं काय होतं

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचे दोन थर, शेपट्या आत, डोकी बाहेर. जाडी ४-५ नॅनोमीटर. वर्गात मी हे शिकवते तेव्हा मुलं भिंत काढतात, आणि तीच गैरसमजाची सुरुवात आहे. ते उकळून गार झालेल्या दुधावरच्या सायीच्या जास्त जवळचं आहे: धरून ठेवतं, पण आतले रेणू सतत सरकत असतात.

कॉम्प्लेक्स पटलाला टेकलं की ओलेइकच्या वाकड्या साखळ्या बाहेरच्या थरात घुसतात. त्याने दोन गोष्टी होतात. वाक असल्यामुळे शेजारच्या शेपट्या नीट खेटून बसू शकत नाहीत, पटल पातळ आणि ढिलं पडतं. आणि बाहेरच्या थरात अचानक गर्दी झाल्यामुळे तो आतल्या थरापेक्षा पसरट होतो. चपाती तव्यावर एका बाजूने फुगते, तशी पटलाला वळायची ओढ लागते. सोमवारी दिसलेल्या त्या फुग्यांमागे, माझ्या समजुतीप्रमाणे, ही ओढ आहे, शिवाय आतला पेशीचा सांगाडा पटलापासून सुटणं हेही आहे.

लुंडच्या गटाने २०१० मध्ये आणि मग २०१५ मध्ये हे फार सुंदर पद्धतीने दाखवलं. त्यांनी पेशी बाजूला ठेवून नुसत्या मेदरेणूंच्या मोठ्या पोकळ गोळ्या केल्या. त्यात प्रथिन नाही, कुठला ग्राहक रेणू नाही, काहीच नाही. हॅम्लेट टाकल्यावर या गोळ्यांचा आकार बिघडला, त्यांतून नळ्यांसारखे फाटे फुटले, त्या गळायला लागल्या. म्हणजे हॅम्लेटला पेशीवर कुठली खास कडी वाजवावी लागत नाही. दाराऐवजी ते भिंतीतूनच शिरतं. पटलात ऋणभारित मेदरेणू असले तर अशी प्रथिनं जास्त चिकटतात. निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरिन हा ऋणभारित रेणू आतल्या बाजूला ठेवलेला असतो, कर्करोगाच्या पुष्कळ पेशींत तो बाहेर आलेला दिसतो. कर्करोगाच्या पेशी जास्त का मरतात याचं हे एक संभाव्य कारण मानलं जातं.

पटल ढिलं पडलं की पुढचा मारा आयनांचा. पेशी आत पोटॅशियम साठवते, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम ठेवते. २०१३ मध्ये लुंडकडूनच आलेल्या कामात हॅम्लेट दिल्यावर हे आयन झपाट्याने इकडचे तिकडे झाल्याचं दिसलं, आणि आयनांचे मार्ग रोखणारी द्रव्यं दिल्यावर पेशी मरण्याचं प्रमाण घटलं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. साबणाने पेशी फाटते तेव्हा तिला प्रतिसाद द्यायला वेळच मिळत नाही. इथे मात्र पेशीची स्वतःची यंत्रणा मधे येते आहे. तिचे आयन-मार्ग बंद केले तर ती तगते. म्हणून मी मुलीला म्हटलं, "अगं, साबण म्हणून हा विषय सोडून देऊ नकोस. जास्त मात्रेला साबण असेल, कमी मात्रेला आणखी काही असेल. तीच रेषा आपल्याला शोधायची आहे."

मारेकरी कोण यावर अजून वाद आहे, आणि तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. एक मत असं की विषारीपणा सगळा मेदाम्लाचा, प्रथिन नुसतं वाहन. लुंडचं म्हणणं असं की कॉम्प्लेक्स झाल्यावर प्रथिनाचा आकारच बदलतो आणि त्याचा परिणाम सुट्या घटकांच्या बेरजेपेक्षा वेगळा असतो. आमच्या सहा नळ्यांवरून हा वाद मिटत नाही. दुसरा वाद अधिक गंभीर आहे: हे फक्त कर्करोगाच्या पेशीच मारतं का? २०११ मध्ये डेन्मार्कमधल्या एका गटाने बॅम्लेटने कर्करोगाशी संबंध नसलेल्या प्राथमिक पेशीही मरतात असं दाखवलं. आमच्या मेंढीच्या पेशी तर कर्करोगाच्या नव्हत्याच. पण तांबड्या पेशींच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांच्याकडे केंद्रक नाही, नवं पटल तयार करायची सोय नाही. फाटलं ते सांधायची ताकद त्यांच्यात कमी. निरोगी ऊतीतली पेशी फाटका भाग शिवून टाकू शकेल तिथे तांबडी पेशी फुटेल. त्यामुळे तांबड्या पेशी फुटल्या म्हणून 'सगळ्यांनाच मारतं' असंही म्हणता येत नाही.

काकांचा प्रश्न

गुरुवारच्या निकालाने मुलीला एवढं का लागलं होतं, ते आता मला समजत होतं. तिने घरी सोमवारचं सगळं सांगितलं होतं. काकूंनी विचारलं होतं, ओळखीत नुकतीच बाळंतीण झालेली कुणी आहे, तिच्याकडून थोडं दूध आणून काकांना द्यायचं का.

याचं उत्तर सीरमच्या त्या बाटलीतच होतं आणि ते आम्ही दोघींनी मिळून काढलं. दुधातलं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन कॅल्शियम धरून बसलेलं असतं. ते हॅम्लेट नसतंच. प्यायलेलं प्रथिन पोटात आणि आतड्यात पचतं. आणि समजा, तयार कॉम्प्लेक्स थेट रक्तात गेलं, तरी तिथे अल्ब्युमिन मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या वेलच्या वीसेक पट. हमालांची फौज तिथे कितीतरी मोठी.

मग माणसांवर प्रयोग झालेत ते कुठे? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीत ते त्वचेवरच्या, एरवी न जाणाऱ्या मशांवर (चामखिळींवर) लावलं होतं. चाळीस रुग्ण, रोज एकदा, तीन आठवडे. हॅम्लेट लावलेल्या वीसही जणांत मशांचा आकार ७५ टक्के किंवा त्याहून जास्त घटला. ९२ पैकी ८८ मशांमध्ये हा परिणाम दिसला. नुसता द्रव लावलेल्या वीस जणांत तो तिघांमध्येच दिसला. २००७ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी पाच दिवस मूत्राशयात नळीने हॅम्लेट सोडलं, तेव्हा गाठीच्या पेशी गळून लघवीत मोठ्या प्रमाणात आल्या. पुढे त्या प्रथिनाचा एक तुकडाच ओलिएटबरोबर वापरून मूत्राशयाच्या रुग्णांवर प्रागमध्ये प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली डोसशी) तुलना करणारी चाचणी झाली. तिचे निकाल २०२१ मध्ये आले आणि ते आशा वाटावी असे आहेत.

त्वचेचा पृष्ठभाग आणि मूत्राशयाची पोकळी. दोन्ही ठिकाणी सीरम नाही. निरोगी मूत्रपिंड अल्ब्युमिन लघवीत जवळजवळ जाऊच देत नाही. संशोधकांनी या जागा निवडल्या त्याला इतरही कारणं असतील, औषध थेट लावता येतं हे तर आहेच. पण सोमवार आणि गुरुवार यांच्यातला फरक एकदा हाताने करून बघितल्यावर ही निवड मला अगदी स्वाभाविक वाटू लागली.

रविवारी ती घरी गेली आणि काकूंना तिने स्वतःच समजावून सांगितलं. काकांच्या डॉक्टरांनी मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लसीतले सौम्य केलेले जिवाणू) सोडण्याचे उपचार ठरवले होते, ते एकही फेरी न चुकवता घ्यायचे, आणि दुधाचं डोक्यातून काढायचं. काकूंनी विचारलं, "मग तू करतेस ते फुकटच का गं?" त्यावर ती काय म्हणाली ते तिने मला सांगितलं नाही. सोमवारी सकाळी मात्र ती माझ्याआधी विभागात हजर होती.

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात तिचं मुख्य वाक्य होतं: 'बॅम्लेट कर्करोगाच्या पेशींना मारतं.' आता तिथे असं आहे: 'सीरमविरहित माध्यमात, २० मायक्रोमोलर मात्रेला, बॅम्लेटमुळे ए५४९ पेशींचं आणि मेंढीच्या तांबड्या पेशींचं पटल फाटतं; अल्ब्युमिन घातल्यास दोन्ही ठिकाणी हा परिणाम थांबतो.' मात्रा ५ मायक्रोमोलरपर्यंत उतरवून दोन्ही प्रकारच्या पेशी कुठे वेगळ्या वागतात ते बघायचं काम चालू आहे. केंद्रक असलेल्या निरोगी पेशी हव्यात म्हणून माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइटवर (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर) प्रयोग करायचा आहे. त्यासाठीचा अर्ज नैतिकता समितीकडे दिला आहे. आणि फ्रीजमधल्या मीडियमच्या दोन बाटल्या आता वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सीरम असलेलीवर त्या ज्युनिअर मुलाने लाल मार्करने, बोटभर उंचीच्या अक्षरांत, 'सीरम आहे' असं लिहून ठेवलं आहे.